किनारीची ढाल

वाल्मिक वेखंडेला या भानगडीतून चार गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, कायमची ऑर्डर. सहा वर्षं तो मुरबाडच्या बाजूच्या एका कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवत होता आणि दर जूनला नव्यानं अर्ज करत होता. दुसरी, प्रियांका. तिच्या बापानं शेणव्यात चारचौघांत सांगितलं होतं, "पोरगा बरा हाय, पन तासावरचा मास्तर. ऑर्डर दाखवा, मंग सुपारी." तिसरी, लग्न-नोकरीवरून रोज चालणारं आईचं तोंड बंद होणं. चौथी गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. स्टाफरूममधल्या खुर्च्यांत त्याची म्हणावी अशी खुर्ची नव्हती. कायमचे आले की तो उठायचा.

या चारही गोष्टींच्या किल्ल्या एकाच खिशात होत्या. तो खिसा लडकूशेठचा. लडकूशेठ संस्थेचे चिटणीस, राहणार सापगाव, नवा बंगला रस्त्यालगत.

२००३च्या पावसाळ्याआधी कॉलेजची तपासणी ठरली. समितीच्या अध्यक्ष मुंबईच्या एक बाई होत्या आणि त्यांचा सगळा अभ्यास इंग्लंडच्या मध्ययुगीन राजघराण्यांवर होता. हे प्राचार्यांना कळल्यावर त्यांनी वाल्मिकला बोलावून सांगितलं, "बाईंच्या आवडीचं काहीतरी भिंतीवर दिसलं पाहिजे." इतिहास विभाग म्हणजे वाल्मिक एकटाच. त्यानं पंधरा दिवस खपून वंशावळ मांडली. वर तिसरा एडवर्ड, त्याखाली पोरं, नातवंडं, एकमेकांचे गळे कापणारे चुलतभाऊ, आणि तळाशी सातवा हेन्री. प्रत्येक नावाशेजारी त्या माणसाची ढाल, म्हणजे घराण्याची खूण. ढाली रंगवल्या चंदरनं. शेणव्याबाहेरच्या वाडीतला चंदर शहापूर-मुरबाडच्या दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या मांडवाच्या कमानी, ट्रकच्या मागची पानंफुलं रंगवायचा. संस्थेच्या अकरा शाळांच्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या.

"सर, ह्ये सिंव्ह हायेत का उपाशी कुत्रे?" पुस्तक बघून चंदरनं विचारलं होतं. "जीभ बघा कशी काढलीय. मी याच्यापरीस चांगला काढीन."

"तू चांगला काढू नको. हाच काढ."

"तुमची मर्जी. उद्या कुनी हसला तर खाली माजं नाव नाय टाकनार."

भानगड सुरू झाली शनिवारी. लडकूशेठ तयारी बघायला आले, वंशावळीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि एका ढालीवर बोट ठेवलं. तांबड्यावर सिंह, निळ्यावर कमळासारखी फुलं, आणि सगळ्याभोवती निळ्या-पांढऱ्या चौकटींची किनार.

"ही झकास हाय. याला काठ हाय. बाकीच्या उघड्या वाटतात, बांध नसलेल्या खाचरासारख्या. राजाचीच ना?"

"राजाच्या घराण्यातलीच, शेठ. ब्यूफोर्ट."

"मंग ही माज्या गेटावर पायजे. बेस्तरवारी समिती आधी बंगल्यावर चाला थांबेल, मंग कॉलेजला. चंदरला सांगा, बुदवारपर्यंत झाली पायजे."

वाल्मिकच्या दृष्टीनं ती अजून नुसती पुस्तकातली अडचण होती. त्या किनारीचा अर्थ त्याला ठाऊक होता. शेठना नव्हता. इतकंच.

खरं काय ते संध्याकाळी आईनं उलगडलं. सकुबाईचं माहेर सापगावचं. तांदूळ निवडता निवडता तिनं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"काठ असला म्हंजी काय रं?"

"आई, त्या राजाच्या एका पोराची एक बाई होती. लग्नाची नव्हे. तिच्यापासून चार पोरं झाली. मग म्हातारपणी त्यानं तिच्याशी लग्न केलं नि पोरं औरस ठरवून घेतली. तर त्यांची ढाल वेगळी ओळखू यावी म्हणून ती किनार."

सकुबाईनं आधी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाली, "लडकूची आजी हिराबाई. लडकूच्या आज्याशी तिचा पाट लागला तवा लडकूचा बाप चार वर्सांचा व्हता. मांडवात बसून पोळी खात व्हता, माज्या आयशीनं डोळ्यांनी बघितलेला. म्हनून त्यांना भावकीत लेकावळे म्हंतात. तोंडावर नाय, मागं. जमीन दिली, घर दिलं, पन गावदेवीच्या जत्रंला पयला नारळ कदी त्या घराला दिला नाय. आवंदा थोरल्या घरचे बारकूनाना कबूल झालेत म्हंतात. तीस वर्सं लडकू त्यांच्या पायऱ्या झिजवतोय."

"गुरुवारी समितीसोबत चहाला शेठनी बारकूनानांनाही बोलावलंय," वाल्मिक म्हणाला.

"मंग तू मेलास," आई म्हणाली आणि सूप उचललं.

रविवारी त्यानं मनात मांडणी केली. सांगितलं तर शेठ विचारणार, सर, हे माझ्याबाबतीत तुम्हाला का सुचलं? म्हणजे सांगणं हेच टोमणा मारणं ठरणार. न सांगितलं तर अध्यक्षबाई गेट बघणार, आणि त्यांचा तर जन्म त्यातच गेलेला. सोमवारी तरीही तो हिंमत बांधून सापगावला गेला. शेठ ओट्यावर बसून पानाला चुना लावत होते.

"या सर. तुमचीच गोष्ट चालली व्हती. ऑर्डर टाइप झालीय, टेबलावर हाय. बेस्तरवार नीट पार पडला की सही."

"शेठ, ती ढाल…"

"काय, बारकी वाटती का? मोठी करू."

"नाही. छान आहे," वाल्मिक म्हणाला. परतीच्या वाटेवर त्यानं स्वतःलाच दोनदा विचारलं की आपण असं का म्हणालो, आणि दोन्ही वेळा उत्तर टेबलावर टाइप होऊन पडलेलं त्याला दिसलं.

मंगळवारी तो चंदरला गाठायला गेला. चंदर शिडीवर होता, गेटाच्या कमानीवर तांबडा रंग भरून झाला होता, सिंहांना जिभा फुटल्या होत्या.

"चंदर, किनार नको घालू. सिंह नि फुलं, बस."

"सर, काठासाठीच तर शेठनी ही पसंत केली. काठ नाय काढला तर माजी कातडी काढतील. का नको पन?"

वाल्मिकनं इकडं तिकडं बघितलं. मग हलक्या आवाजात सांगून टाकलं. तीन दिवस मनात वागवलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानात टाकताना त्याला जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या भरात तो नको तो शब्दही बोलून गेला. "लेकावळ्यांची खूण आहे रे ती."

चंदर शिडीवर बसूनच हसला. ब्रश डब्यात पडता पडता राहिला.

"अरं देवा. मंग सांगा ना शेठला."

"तू सांग. तू रोज इथं आहेस."

"मी? मी रंगारी. शिकलेले तुमी. मी बोल्लो तर म्हनतील, वाडीतला मानूस आमची खानदान काढतोय. तुमी पुस्तक दाखवाल, मी काय दाखवू, डबा?" तो पुन्हा ब्रश उचलत म्हणाला, "आनि कोन बघतंय सर. सापगावात कुनाला कळनार हाय. मला तर ही मांडवाची झालरच वाटती."

बुधवारी किनार पूर्ण झाली. वाल्मिकला दोन घास गेले नाहीत. कॉलेजात तो वंशावळीसमोर उभा राहून शब्द शोधत होता. 'अनौरस' म्हटलं तर फार झोंबतं, 'धाकटी शाखा' म्हटलं तर खोटं नाही, खरंही नाही. ब्यूफोर्टांची ढाल सरळ काढून टाकावी असंही मनात आलं. पण ती काढली तर तळाचा सातवा हेन्री आला कुठून? त्याचा सगळा हक्क आईकडून, आणि आई त्याच किनारीतली. ती पोरं राजघराण्याच्या वंशावळीत नको असलेली, आणि त्यांच्यावाचून वंशावळ पुढं सरकत नव्हती.

गुरुवारी सकाळी दहाला दोन गाड्या सापगावला थांबल्या. ओट्यावर भावकीतले सातआठ जण धुतलेल्या टोप्या घालून बसले होते, मध्ये बारकूनाना. कमानीखाली शिडीवर चंदर किनारीवर निळ्या-पांढऱ्याचा दुसरा हात संपवत होता. अध्यक्षबाई उतरल्या, पदर सावरला, वर बघितलं आणि जागीच थांबल्या.

"ब्यूफोर्ट. इथं? कमाल आहे."

शेठ फुलले. "आमच्या सरांनी शोधून काढलंय. राजघराणं हाय ना?"

"राजघराणंच. आणि गोष्ट फार सुंदर आहे त्यांची. सर, सांगा ना यांना किनारीची गोष्ट."

सगळे वाल्मिककडं बघू लागले. "किनार म्हणजे… धाकटी शाखा, बाई."

"नुसती धाकटी नव्हे हो," बाई वर्गात सांगतात तशा सांगू लागल्या. त्यांना काय ठाऊक. "बापाचं त्यांच्या आईशी लग्न नंतर झालं, मुलं आधीची. लग्न झाल्यावर पार्लमेंटनं त्यांना औरस ठरवलं. पण पुढं त्यांचा सावत्र भाऊ राजा झाला ना, त्यानं कागदात एक ओळ घुसडली. सगळं मिळेल, गादी मिळणार नाही."

बारकूनानांनी कानामागं हात धरला होता. त्यांनी हात खाली घेतला.

"म्हंजी लेकावळे म्हना की," ते शांतपणे म्हणाले. "बराबर केलं भावानं. सगळं दिलं, नारळ नाय दिला."

एकजण खोकला. दुसऱ्यानं टोपी काढून पुन्हा घातली. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि आपण कशात तरी पाय घातला हे त्यांच्या लक्षात आलं. कशात, ते कळलं नाही. लडकूशेठ मात्र हसतच होते. हसू तसंच ठेवून ते वाल्मिककडं वळले.

"सर, ही किनार पुस्तकात हाय का?"

साधा प्रश्न होता. पण वाल्मिकला त्यात उत्तर आधीच भरून ठेवलेलं दिसलं, टाइप केलेल्या ऑर्डरीसारखं. फक्त सही करायची. एका बाजूला बारकूनाना, एका बाजूला बाई. कमानीखाली चंदर, हातात निळा ब्रश.

"पुस्तकात नाही, शेठ," वाल्मिक म्हणाला. "चंदरनं मांडवाच्या सवयीनं झालर घातली असेल."

बाईंनी वाल्मिककडं नीट बघितलं. मग पदर पुन्हा सावरत म्हणाल्या, "किनारीशिवायही असते ही ढाल. तेव्हा ती खुद्द राजाची." यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"ऐकलंत नाना?" शेठ म्हणाले. "खुद्द राजाची. चंदर, इकडं ये. काय केलंस रं हे?"

चंदर शिडीवरून उतरून पुढं आला. तो शेठकडं बघत नव्हता, वाल्मिककडं बघत होता. मंगळवारी शिडीवर बसून हसला होता तोच माणूस. त्यानं तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. वाल्मिकनं नजर सिंहांच्या जिभांवर नेऊन ठेवली.

"चुकलं शेठ," चंदर म्हणाला. "हात सवयीनं गेला."

"माज्या दारात, पाव्हन्यांसमोर, सवयीनं? पूस तिच्यायला. आत्ता. चा व्हायच्या आत."

चहा होईपर्यंत चंदरनं निळ्या-पांढऱ्यावर तांबडा फिरवला. ओला रंग ओल्या रंगात मिसळून किनारीच्या जागी जांभळट पट्टा उमटला. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "झालरवाला, नीट पूस." सगळे मोकळे हसले, बारकूनानाही. हसायला कारण मिळालं म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं असावं.

वाल्मिक चहा न घेताच कुणाच्या तरी मोटारसायकलवरून पुढं कॉलेजात पळाला. भिंतीवरची ब्यूफोर्टांची ढाल टाचण्या काढून त्यानं खिशात घातली. तासाभरानं बाई वंशावळीसमोर उभ्या राहिल्या, शेजारी शेठ. तळाच्या हेन्रीकडून वर जाणारी रेघ एका रिकाम्या चौकोनाशी थांबत होती.

"हा कुठून आला मग?" बाईंनी विचारलं.

"कागद कमी पडला, बाई."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विभागाकडं वळल्या.

त्यानंतरचं काय झालं ते सांगून टाकतो. एका शिकलेल्या सरानं आणि मुंबईच्या बाईनं ढाल खुद्द राजाची असं चारचौघांत सांगितल्यावर बारकूनानांना मागं फिरता येईना. जत्रेला पहिला नारळ लडकूशेठच्या हातात गेला. ऑगस्टात वाल्मिकच्या हातात ऑर्डर आली, दिवाळीआधी प्रियांकाची सुपारी फुटली. स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची मिळाली. आई गप्प झाली, नको इतकी. एकदाच म्हणाली, "चंदरला बोलव लग्नाला," आणि वाल्मिकनं पत्रिका दुसऱ्याकडून पाठवली.

बाईंना पडला एक रिकामा चौकोन पुढं न विचारता सोडून देण्याइतका खर्च. नानांचा एक नारळ. लडकूशेठचा एका किनारीइतका तांबडा रंग, तोही चंदरच्याच डब्यातला. वाल्मिकचं एक वाक्य गेलं, ते त्यानं दुसऱ्याच्या नावावर टाकलं. आपल्या दारात चुकलेला पेंटर शेठना ठेवता येईना; अकरा शाळांच्या पाट्या कल्याणच्या कॉम्प्युटरवाल्याकडं गेल्या. सापगावच्या मांडववाल्यांनी 'झालरवाला' म्हणत हसत हसत बोलावणं बंद केलं. पुढच्या वर्षी चंदर बायकोला, सुंदराला, घेऊन भिवंडीकडं गोदामांच्या भिंती रंगवायला गेला. काय चुकलं होतं ते त्यानं तिलाही सांगितलं नाही, म्हणून ती अजून समजते की नवऱ्याचा हात खरंच चुकला.

भरलं ते चंदरनं.