पिवळी शेवंती

"खरा चित्रकार रंगासाठी प्राणसुद्धा देतो!" चीनमधल्या सूचौच्या चित्रशाळेत प्रत्येक नव्या तुकडीपुढे ओयांग मास्तर हे ठणकावून सांगत. स्वतः त्यांनी रंगासाठी दिले होते दोन दिवस, आणि तेही संडासात.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. शेवंतीची पाकळी काढायची तर कुंचल्याला अणकुचीदार टोक हवं, आणि टोक काढायला जिभेसारखं हत्यार नाही. काळी शाई चालते. पिवळा मात्र विषारी झाडाचा चीक. एका चाटण्यात आतड्यांना पीळ पडतो. मास्तर हे शिष्यांना बजावत, आणि चित्र रंगात आलं की स्वतः विसरत.

त्यानंतर बायकोनं, सूझेननं, पहारा धरला. स्वयंपाकघरात कमळकाकडी सोलता सोलता ती ओरडायची, "पिवळा!" की मास्तरांचा कुंचला ओठांशी थबकायचा. एक्केचाळीस वर्षं हे चाललं. भिंतीपलीकडून तिला कसं कळायचं, देव जाणे.

तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मास्तर फक्त पांढरी शेवंती काढत. जाणकारांना त्यात विरहाचं तत्त्वज्ञान सापडलं. एकानं त्यावर लेखही पाडला. मास्तर गंभीरपणे मान डोलवत. पोटाची भीती वाटते, हे सांगणार कोणाला?

पण यंदा मेहुणीची, रुईफांगची, सत्तरी आली. भेटीच्या चित्राची गुंडाळी उलगडताच ती कडाडली.

"पांढरी? भाऊजी, ही थडग्यावर वाहतात! मला पोचवायची एवढी घाई?"

"पानं बघ ना, पानं किती ताजी उतरलीत."

"पानं बघतील माझ्या मयताला आलेले लोक. मला पिवळी हवी. ताईच्या पलंगावर टांगलेल्या चित्रात होती तश्शी."

"ती आता माझ्याच्यानं होत नाही गं."

"का? हात मोडला?"

मास्तरांनी काय ते खरं सांगून टाकलं. रुईफांग हसता हसता खुर्चीतून घसरायची बाकी राहिली.

"आणि ताईला कसं कळायचं, हे अजून कोडंच आहे तुम्हाला? अहो, तो पिवळा पाण्यात घासून बशीत कोण आणून द्यायचं?"

बशीत रंग आपोआप उगवतो, असाच मास्तरांचा इतकी वर्षं समज होता.

त्या दिवशी रंग रुईफांगनं घासला. मास्तर कागदापुढे बसले. एक पाकळी झाली, दुसरी झाली. हात नकळत तोंडाकडे निघाला आणि वाटेत अडला. कान स्वयंपाकघराकडे लागले होते. तिकडे नुसती किटली खदखदत होती.

त्यांनी कुंचला खाली ठेवला. "रुईफांग, जरा आत जाऊन बसतेस? मधूनमधून 'पिवळा' म्हणून ओरडायचं, बाकी काही नाही."

ती गेली. मास्तरांनी तिसरी पाकळी ओढली. आतून लाडिक आवाज आला, "भाऊजी, पिवळा!"

मास्तरांनी कुंचला बशीच्या कडेला टेकवला.

"ते 'भाऊजी' गाळ," ते म्हणाले. "आणि जरा खेकसून."