घासलेली खाच

सावळीरामच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. नसलेली दोन मात्र अधूनमधून खाजायची, आणि ती खाजली की काहीतरी वाकडं घडतं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्या मंगळवारी ती सकाळपासून खाजत होती.

द्वारका चौकाजवळच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत साक्षीचा, म्हणजे त्याच्या एकुलत्या लेकीचा, कॉम्प्युटर पोट उघडं टाकून आडवा पडला होता. त्याच्या पोटात तिची दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म होती. भिंतीवर हाताच्या सावलीचा पक्षी उडतो, त्याचा एक पंख आखूड. हात बापाचाच. ती लहान असताना लाईट गेली की कंदिलापुढं तो असले पक्षी करून दाखवायचा. पुण्याच्या एका स्टुडिओनं नोकरीसाठी फिल्म मागवली होती. आज पाचच्या आत सीडी कुरिअरवाल्याच्या हाती पडायला हवी. पुण्याला पोचायचा उद्या शेवटचा दिवस.

पण पक्षी शेवटच्या भरारीला आला की पडदा गोठायचा. चित्रांचा एवढा भार जुन्या मशीनला पेलत नव्हता. म्हणून साक्षीनं नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग, रांगेत एक खाच. मशीन पाच वर्षांपूर्वीचं, कार्ड यंदाचं, दोन हजार तीनचं. बोर्डावरच्या खोबणीत एक बारीक आडवी भिंत होती आणि कार्डाची खाच नेमकी तिथं नव्हती.

"दाब की जरा," सावळीराम म्हणाला.

"दाब काय, बाबा? ही काय लग्नातली ट्रंक आहे कोंबायला? गंगापूर रोडच्या कॉम्प्युटरवाल्या राजदादाला विचारून येते, त्याचा फोनच लागत नाहीये. आणि तुम्ही हात लावू नका हं!"

"लावायला हात आहे कुठं पुरता?"

साक्षी हसली, स्कूटी काढून गेली.

घर गप्प झालं. सावळीराम कार्डाकडं बघत बसला. वीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात फिटर होता तो. न बसणारी वस्तू त्याला घशात अडकलेल्या घासासारखी छळायची. एवढीशी भिंत! साच्यातून निघताना राहिलेली खोट असणार. नाहीतर मधेच भिंत कोण बांधतं?

त्यानं पेटीतून बारीक कानस काढली.

भिंतीला हात नको, ती पोरीच्या मशीनची. कार्डालाच दुसरी खाच पाडू. तो हलक्या हातानं घासू लागला. सोनेरी दात एकेक करून विरले, त्यांची पूड धोतरावर सांडली. घासता घासता आईची जात्यावरची ओवी ओठांवर आली:

खुंटा बसंना जात्यात, बाई लावू नको जोर
मुक्या दगडाचा राग, जिवा लावी मागून घोर

गुणगुणला, पण ऐकली नाही. कड पॉलिश पेपरनं अशी गुळगुळीत केली की खाच जन्मापासूनची वाटावी. कार्ड खोबणीत लोण्यासारखं उतरलं. बोटं आता खाजत नव्हती, ठणकत होती.

साडेतीनला साक्षी आली, चेहरा उतरलेला. "दुकान बंद. मंगळवार!" मग तिची नजर मशीनवर गेली. "बसलं? कसं काय?"

"हलक्या हातानं."

"बाबा, तुम्ही म्हणजे ना!" ती त्याच्या गळ्यातच पडली. त्याच वेळी त्याला सांगता आलं असतं. पण लेकीचे हात गळ्यात असताना कोण बोलतं?

तिनं बटण दाबलं. पंखा घुमला, पडद्यावर उजेड आला. पक्षी उडाला. भिंत ओलांडून, खिडकी ओलांडून, जिथं रोज अडायचा तिथवर आला. साक्षी पडद्याकडं झुकली.

पक्ष्याच्या अंगावर उभे पट्टे पडले. आधी दोन, मग दहा. मग आखूड पंखाकडून सगळं आभाळ हिरवं होत गेलं. जळक्या लाखेसारखा वास आला.

तो वास सावळीरामनं ओळखला नाही. पण त्या वासासरशी त्याला कारखान्यातलं, त्याची बोटं खाल्लेलं प्रेस मशीन दिसलं, आणि त्यावरची ती खिट्टी. चुकीचा साचा बसूच नये म्हणून ठेवलेली खिट्टी. जोडीदार पुंजानं ती वेळ वाचवायला घासली होती, वर पॉलिशही मारलं होतं.

भिंत खोट नव्हती. भिंत राखण होती.

त्यानं प्लग उपटला. वास तरीही येतच राहिला.

साक्षीनं जुनं कार्ड परत बसवलं. बटण दाबलं. पंखासुद्धा हलला नाही. मग तिनं नवं कार्ड खिडकीच्या उन्हात धरलं, कड निरखली. धोतरावरची पूडही तिनं बघितली असावी.

"बाबा, ही खाच कुणी पाडली?"

दवाखान्यात, हाताला पट्ट्या असताना, सावळीरामनं हेच विचारलं होतं. पुंजा, खिट्टी कुणी घासली? पुंजा म्हणाला होता, मला काय ठाऊक. बोटं गेल्याचं दुःख पुढं निवलं, ते उत्तर अजून सलत होतं.

"मी," सावळीराम म्हणाला. "तू आलीस तेव्हाच सांगायला हवं होतं."

साक्षी रडली नाही, ओरडली नाही. ते परवडलं असतं. तिनं स्क्रू काढले, फिल्म जिच्यात होती ती हार्ड डिस्क बाहेर घेतली, टॉवेलात गुंडाळली. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"मैत्रिणीच्या मशीनवर लावून बघते. उघडली तर फोन करीन."

"मी येऊ?"

"नको."

स्कूटीचा आवाज विरला. सावळीराम फोनशेजारी बसला. उतरतं ऊन भिंतीवर आलं तसा त्याच्या हाताचा पक्षी तिथं आपोआप उमटला. त्यानं हात झटकन मांडीखाली घेतला.

पाच वाजले. मग सव्वापाच. मांडीखाली, जिथं काहीच नव्हतं तिथं, दोन बोटं पुन्हा खाजू लागली.