होयबा आणि माझं वीस किलोचं पोट

मित्रांनो, मी एका बेकरीतला पीठ मळायचा जुना मिक्सर आहे. माझ्या पोटात एका वेळी वीस किलो पीठ मावतं. आमच्या मालकीणबाई आल्यागेल्याला मला दाखवून म्हणायच्या, "हा माझा सगळ्यात जुना कामगार." ते ऐकून लाजून माझा पट्टा सैल व्हायचा.

गेल्या वर्षी परदेशातून आलेला एक कारागीर माझ्यावर कामाला लागला. मायदेशी त्याने वीस वर्षं भट्टीपाशी काढली होती. हात असा की पिठालाही बरं वाटावं. फक्त त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. मालकीणबाई आत आल्या की तो हातातलं काम टाकून ताठ उभा राही.

"अहो, मला नावाने हाक मारा," त्या म्हणत.

"हो, मॅडम."

मालकीण काम करतेय तोवर आपण कसं जेवायचं, म्हणून तो दुपारी थांबून राही. हा जेवायला गेला की मीही जेवेन, म्हणून त्या थांबत. दोघंही उपाशी! मनातल्या मनात मी त्याचं नाव होयबा ठेवलं.

एकदा हॉटेलची मोठी ऑर्डर आली.

"संध्याकाळपर्यंत पावाच्या दोनशे लाद्या जमतील?" बाईंनी विचारलं.

"जमतील, मॅडम."

आणि होयबाने माझ्या पोटात चाळीस किलो पीठ कोंबलं. मी गुरगुरलो, थरथरलो, शेवटी धूर सोडला. पीठ फुगून काठावरून उतरलं आणि दाराकडे निघालं.

होयबाने आधी बायकोला फोन लावला. "माझी नोकरी गेली बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?" ती म्हणाली. "कालच पोरीचं नाव शाळेत घातलंय. सामान बांधू की नको, ते नक्की सांगा."

तेवढ्यात बाई आल्या. "जमणार नव्हतं, तर सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी कळावं म्हणून विचारलं होतं."

"आमच्याकडे साहेबांनी विचारलं, की तो हुकूमच असतो."

बाई पिठाच्या पोत्यावर बसल्या. "आणि मी तुमच्या 'हो'वर हॉटेलला शब्द देऊन बसले."

त्यांनी हॉटेलला फोन करून ऐंशी लाद्यांवर कसंबसं निभावलं. मग बाह्या सरसावून दोघांनी हाताने पीठ मळलं.

माझी दुरुस्ती झाली. पंधरवड्याने बाईंनी विचारलं, "शनिवारी दीडशे लाद्या जमतील?"

होयबाने माझा काठ घट्ट धरला. "नाही जमणार, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"बरं. मग किती?"

"शंभर."

बाईंनी शंभर लिहून घेतल्या आणि त्या निघून गेल्या. होयबाने लगेच फोन काढला. "अगं, मी मॅडमना नाही म्हणालो."

"मग?"

"मग काही नाही. बरं म्हणाल्या."

"नीट ऐकलंत ना?" बायकोने विचारलं.

मित्रांनो, मला झेपेनासं झालं की धूर निघतो आणि तो सगळ्यांना दिसतो. माणसांचा धूर दिसत नाही. म्हणून तुमच्याकडे आलेलं एखादं नवखं माणूस चटकन 'हो' म्हणालं, तर त्याला पुन्हा एकदा विचारा आणि उत्तर यायला जरा वेळ द्या.