खुंटाची फूट

चिठ्ठी निघाली ती शांतवनला नेमकी नको होती ती.

शेंदूरजनाघाटच्या त्या पंचवीस घरांच्या मंडळीत एक जुनी रीत होती. नाताळाआधीचे चार रविवार पाळकसाहेब संदेश देत नसत. मंडळीतलाच एकेक माणूस उभा राही आणि ख्रिस्ताच्या एकेका नावावर बोले. येणाऱ्या तारणाऱ्याला संदेष्ट्यांनी जी नावं शेकडो वर्षं आधीच देऊन ठेवली, ती चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायची, आणि ज्याच्या हाताला जे लागेल त्यावर त्यानं बोलायचं. कोणाला 'शांतीचा अधिपती' आलं, कोणाला 'इम्मानुएल', म्हणजे आमच्यासंगे देव. ही नावं सोपी. धड बोलता न येणारा माणूसही त्यांवर दहा मिनिटं रेटून नेतो. शांतवनला आलं 'इशायाचा धुमारा'.

तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून एक कोवळी फूट येईल आणि तोच आपला राजा होईल, असं यशया संदेष्ट्यानं सांगून ठेवलेलं. शहरातल्या माणसाला हे ऐकायला गोड वाटेल. शांतवन पस्तीस वर्षं वामनरावांच्या नर्सरीत संत्र्याची कलमं बांधत होता. जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर साल चिरून संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरायचा, आणि तो धरला की त्या डोळ्याच्या खाली, बुंध्यातून जी काही फूट येईल ती दिसताक्षणी कापायची. ती फूट जंबेरीची. काटेरी, आंबट, आणि मुळाचा सगळा रस आपणच पिऊन वरच्या संत्र्याला उपाशी मारणारी. अशा किती फुटी त्यानं आजवर उडवल्या याची गणतीच नव्हती. आता त्याच फुटीला मंडळीपुढं उभं राहून राजा म्हणायचं होतं.

पण एवढंच असतं तर तो आठवडाभर पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरला नसता.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या एकुलत्या एका मुलानं, ललितनं, अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या प्रियदर्शनीशी कोर्टात लग्न केलं. मुलगी बौद्ध घरची. दोघं पाया पडायला घरी आली तेव्हा तिला चौथा महिना होता. शांतवननं त्यांना उंबऱ्यातच अडवलं. तिच्या पोटाकडे पाहत तो म्हणाला होता, "डोळ्याखालची फूट आमी ठेवत नाई." ललित कलमवाल्याचा पोरगा, त्याला अर्थ समजवावा लागला नाही. तो बायकोचा हात धरून मागं वळला आणि पुन्हा कधी त्या घराकडे फिरकला नाही. दीड वर्षापूर्वी काविळीनं गेला. मातीला शांतवन गेला होता, पण सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि नातीकडे न पाहताच परतला. पाहिलं असतं तर बोललेलं मागं घ्यावं लागलं असतं, आणि मागं घेणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

बुधवारी मार्थाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताटात भाजी वाढता वाढता सांगितलं, "प्रियदर्शनी सुरतेले चालली. नोकरी लागली तिले तिथं. रविवारी दुपारची गाडी हाय अकोल्याहून. पोरगीले घेऊनच जाऊन राहिली."

"तुले कोणं सांगतलं?"

"तिनंच. मी जातो तिच्याकडे महिन्यातून एकदा. तुमाले बहिणीकडे जातो म्हणून सांगत होतो." तिनं पोळी वाढली. "आता परत येतीन का नाई, देवाले माहीत. तुमचं तुमी पाहा."

शांतवनला तिच्यावर चिडायचं होतं, पण चिडायला तोंडच उरलं नव्हतं. तो अर्ध्या ताटावरून उठला. रविवार त्याच्या संदेशाचा दिवस होता, आणि ते निमित्त बरंच आहे असं त्यानं स्वतःला दोन दिवस बजावलं. उपासना सोडून कसं जायचं? मंडळी काय म्हणेल? शिवाय आपल्याला कोणी बोलावलंय का?

शुक्रवारी वामनराव वाफ्यातून फिरत आले आणि एका खुंटापाशी थांबले. "शांतवन, हा डोळा उलटा भरला तू."

शांतवननं वाकून पाहिलं. खरंच उलटा होता. त्याच्या पुढचाही. वामनराव रागावले नाहीत, त्यांना नवलच वाटलं. "काय झालं बाप्पा? तब्येत बरी नाई का?"

घरचं सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं चिठ्ठीचं सांगितलं. वामनराव पोट धरून हसले. "मंग तुमचा देव जंबेरी निघाला म्हणा की. मले रविवारी बोलाव, मी येतो ऐकाले." ते हसत हसत पुढं गेले. शांतवनला मात्र दिवसभर हातात चाकू धरवेना. वाफ्याच्या या टोकाला जावं, पाणी प्यावं, परत यावं, दोन खुंट पाहावे, पुन्हा उठावं, असं चाललं होतं.

शनिवारी सकाळी त्यानं अमरावतीला राहणाऱ्या पाळकसाहेबांना फोन लावला. सलाम झाला, आणि तो थेट विषयावर आला. "साहेब, हे नाव मले पटून नाई राहिलं. बुंध्याची फूट त कापाची असते. वरचं झाड वाचवाचं असन त कापाच लागते."

"वर झाड असेल तर, शांतवनभाऊ," पाळकसाहेब म्हणाले. "यशया बुंधा म्हणतो. वर झाड उरणारच नव्हतं. दावीद राजाचं एवढं मोठं घराणं, तेच तोडलं जाणार होतं. आणि नाव तरी कोणाचं घेतलंय पाहा. दावीदाचाही धुमारा म्हणत नाही तो. इशायाचा म्हणतो. इशाय कोण? दावीदाचा बाप. राजा नाही, कोणी नाही, बेथलेहेमचा एक मेंढरंवाला म्हातारा. मुकुटाचा अभिमान गळून पडल्यावर देवानं पुन्हा तिथून, अगदी खालून सुरुवात केली. आपली लोकं ख्रिस्ताला राजा राजा म्हणतात, पण हे नाव सांगतं की तो संपलेल्या घरात आला. ज्या घरात कोणी आता काही येईल म्हणून वाट पाहत नव्हतं, तिथं."

शांतवनच्या मनात एकच वाक्य अडकलं. वर झाड उरणारच नव्हतं. त्याच्या घरात तरी काय उरलं होतं? ललितला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ज्या संत्र्यासाठी त्यानं खालची फूट उडवली, ते संत्रं कधीच वाळून गेलं होतं, आणि तो अजून हात उगारूनच बसला होता.

"शांतवनभाऊ? ऐकताय ना?"

"साहेब, उद्या माझ्याजागी दुसऱ्या कोणाले उभं करा," तो म्हणाला. "मले अकोल्याले जा लागते."

रविवारी पहिल्या एसटीनं तो निघाला. अमरावतीला गाडी बदलली. मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली तेवढ्यात तो तीनदा खाली उतरला आणि तीनदा वर चढला. "काका, एक कुठं तरी राहा, वर नाई त खाली," कंडक्टर म्हणाला. मार्थाबाईनं कागदावर पत्ता लिहून दिला होता, तो घामानं ओला झाला. तिनं तोंडावर दार लोटलं तर काय करायचं, हे त्यानं रस्ताभर ठरवलं आणि दर खेपेला वेगळंच ठरवलं.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. दार उघडंच होतं. आत दोरीनं बांधलेली खोकी, आणि प्रियदर्शनीचा भाऊ सुगत एक खोकं खांद्यावर घेऊन बाहेर येत होता. त्यानं शांतवनला ओळखलं, बहिणीकडे पाहिलं, आणि जिना उतरून गेला.

प्रियदर्शनी बॅग भरत होती. ती उठली नाही. शांतवन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मी तुले एक बोललो होतो," तो म्हणाला.

"माहीत हाय. रोज आठवते मले."

"नर्सरीतलं शिकलेलं मी घरात आणलं. तिथं वरचं झाड वाचवाले कापतो. माहं झाड त गेलं, तरी मी कापतच राहिलो. चुकलो मी, पोरी."

"हे ललितले ऐकाले पायजे होतं."

"हो," शांतवन म्हणाला.

"तुमी आले म्हणून मी थांबणार नाई, मामाजी."

"थांबू नको."

तेवढ्यात खोक्यांमागून चार-साडेचार वर्षांची पोरगी पुढं आली. पौर्णिमा. कपाळ थेट ललितचं. शांतवननं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"आई, हे कोण आहेत?"

प्रियदर्शनीनं बॅगेची चेन ओढली. "त्यायलेच विचार."

शांतवन उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. आजोबा म्हणायला जीभ रेटेना. असलं नाव आपलं आपण घेता येत नाही, ते कोणीतरी द्यावं लागतं. "मी तुह्या बाबाचा बाप," तो म्हणाला.

पौर्णिमानं यावर विचार केला. "पण बाबा तर नाहीत. मग आता तुम्ही कोणाचे?"

शांतवननं मान वर करून सुनेकडे पाहिलं. आयुष्यात त्यानं कोणाकडे असं मागत्यासारखं पाहिलं नव्हतं. खालून सुगतची हाक आली, ऑटो उभा होता. प्रियदर्शनीनं बॅग उचलली. मग त्याच्याकडे न पाहता लेकीला म्हणाली, "आजोबाले म्हण, ती निळी पिशवी घ्या. गाडी कोणासाठी थांबत नाई."

पौर्णिमानं निरोप शब्दन् शब्द सांगितला. शांतवननं पिशवी उचलली, आणि पोरगी आपलं बोट धरते की नाही या धास्तीनं जिना उतरेपर्यंत त्यानं दुसरा हात मोकळाच ठेवला.