टिंब, तारा आणि मागच्या रांगेतली खिडकी

मित्रांनो, मी एक जुना रेजेक्स आहे, म्हणजे शब्द ओळखायचा साचा. हसू नका. मला हात नाहीत, पाय नाहीत. काही अक्षरं आणि चिन्हांची एक ओळ, एवढाच माझा देह. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत, राघवच्या कंप्युटरवर मी राहतो. तिथे उघडणाऱ्या प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर तिचं नाव असतं. ते मी वाचतो. नाव माझ्या साच्यात बसलं, की राघवचं सॉफ्टवेअर त्या खिडकीवर नेमून दिलेलं काम आपोआप करतं. दारावरची पाटी वाचायची, घरात डोकवायचं नाही, हा माझा धर्म.

एक गुपित सांगतो. तुम्हाला पडद्यावर चार खिडक्या दिसतात. मला ढीगभर दिसतात. कुणाला चेहरा नाही, कुणाला नाव नाही. मागच्या रांगेत नुसत्या उभ्या असतात. जाणकार म्हणतात, त्या यंत्राच्या आतल्या कामासाठी असतात. असतील बापडे. पण सगळ्याच?

राघव घरी बसून विम्याचे अर्ज तपासतो. प्रत्येक अर्ज मिटताना 'इन्शुरन्स फॉर्म सेव्ह करायचा?' अशी खिडकी आडवी येई, आणि 'नको' दाबून दाबून बिचाऱ्याचं बोट दुखे. म्हणून त्याने मला घडवलं. सुरुवातीला टोपीचं चिन्ह, म्हणजे नाव इथूनच सुरू. शेवटी डॉलरचं, म्हणजे नाव इथेच संपलं. 'नको' मी दाबवू लागलो. पहिल्याच दिवशी राघव ओरडला, "वाह गुरू, जान बची!" अशी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

पुढे ऑफिसने नवे अर्ज धाडले, वेगळ्या नावांचे. राघवला नवा साचा लिहायचा आळस. त्याने माझी टोपी काढली, डॉलर काढला आणि 'सेव्ह'च्या दोन्ही अंगांना टिंब आणि तारा चिकटवले. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा. नावात कुठेही 'सेव्ह' दिसलं, की ती खिडकी माझी!

"अरे, हे जास्तच मोकळं नाही झालं?" त्याची बायको अपर्णा म्हणाली.

"चलता है यार."

राघवच्या आईच्या, मंदाताईंच्या, घशात गाठ झाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. आणि अपर्णाला दिवस गेले होते. बाळाला आजीचा आवाज ऐकायला मिळावा, म्हणून ऑपरेशनला निघायच्या सकाळी तिने सासूबाईंना माइकसमोर बसवलं.

"लोणच्यासारखी बरणीत भरतेस होय गं मला?"

"हो आई, आणि मुरवणार आहे. बोला."

मंदाताईंनी हाका मारल्या. बाळा, ऊठ. बाळा, जेवायला चल. बाळा, अंधार पडला, घरात ये.

"रेकॉर्डिंगला नाव काय देऊ?"

"नाव बारशाला गं. आत्ता बिननावीच राहू दे."

खालून राघवने हॉर्न वाजवला. "अरे चलो, देर हो रही है!" अपर्णाने घाईत रेकॉर्डिंग मिटवलं. 'रेकॉर्डिंग सेव्ह करायचं?' अशी खिडकी उघडली. मी पाटी वाचली. साच्यात बसली. नको. अपर्णाची पापणी लवायच्या आत खिडकी मिटली.

मंदाताई घरी परतल्या, गळ्याला पट्टी बांधून. अपर्णाने सगळं धुंडाळलं.

"राघव, आईंचा आवाज कुठे आहे?"

राघवने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मीच खाऊन टाकला गं." मग बुडत्यासारखी एक काडी धरली: कंप्युटर तर तेव्हापासून चालूच होता. त्याने दिसणाऱ्या, न दिसणाऱ्या साऱ्या खिडक्यांची नावं पडद्यावर मागवली. नावं सरकत राहिली. तळाशी एक नाव थांबलं: यशश्री.

"ये कौन है?"

"आपल्यात तर कुणी नाही रे." अपर्णाचा हात पोटावर गेला.

मंदाताई दारात उभ्या होत्या. पडद्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, ओळखीचं माणूस रस्त्यात भेटल्यावर हलवावी तशी.

राघवने मला पुन्हा टोपी घातली. टोपी, यशश्री, डॉलर. बाकी काही नाही. दाबायचं बटण काढलं, आणायचं काम दिलं. मी मागच्या रांगेत गेलो आणि तिला पुढे आणलं. खोलीत आवाज घुमला: "यशश्री, ऊठ. यशश्री, जेवायला चल."

"पण त्या 'बाळा' म्हणाल्या होत्या," अपर्णा पुटपुटली. "माझ्यासमोर!"

थाप वाटते? वाटू द्या. आवाज मात्र राघवने तिथल्या तिथे जपून ठेवला. मुलगी झाली, बारशाला दुसरं नाव कुणी सुचवलंसुद्धा नाही. मंदाताई आता नाहीत. यशश्री शाळेत जाते, आजीच्या हाका राघवच्या नव्या लॅपटॉपवर ऐकते, आणि या कंप्युटरवर धूळ साचते. तो बंद करायचंही कुणाला सुचत नाही, इतकंच.

मित्रांनो, साचा मोकाट सोडला, तर जपायचं तेच हातातून जातं. पण फार आवळला, तर हाक मारणारं दाराबाहेरच ताटकळतं. गेल्या आठवड्यापासून मागच्या रांगेत आणखी एक खिडकी आली आहे. पाटीवर 'ध्रुव' लिहिलंय. या घरात ध्रुव कुणीच नाही, अजून तरी. ते नाव माझ्या साच्यात बसत नाही. मी तिला आणू शकत नाही. ती मात्र रोज एकेक खिडकी ओलांडून पुढे सरकते आहे.

दर्पण कॉलनीकडे कुणी जात असाल, तर राघवला एवढं सांगा, मला आणखी एक नाव शिकव. रविवारी कबाडी हा कंप्युटर भंगारात न्यायला येणार आहे.