खुराक कोणी खाल्ला

स्वप्नालीच्या गोठ्यात दोन संकरित कालवडी आठवड्याच्या अंतराने जन्मल्या. पशुपालनाच्या शिबिरात तिने ऐकलं होतं, कालवड रोज किलोभर खुराक खायला लागली की दीड महिन्यातही दूध तोडता येतं. कोरड्या खुराकाने तिचं पोट लवकर तयार होतं. स्वप्नाली रोज सकाळी दोघींच्या घमेल्यांत किलो-किलो खुराक टाकून कापूस वेचायला जाई. संध्याकाळी दोन्ही घमेली चाटून पुसल्यासारखी.

सासू सिंधुबाईंना ते पटलं नाही. "आतेच दूध तोडू नको वं. त्यासनं पोट अजून कवळं शे."

"घमेलं रोज रिकामं व्हस ना, आई. खाई ऱ्हायन्यात त्या."

धाकटी दीड महिन्याची होताच स्वप्नालीने दोघींचं दूध बंद केलं. कालवडी दोन दिवस हंबरल्या, मग गप्प झाल्या. गप्प झाल्या म्हणजे रुळल्या, असं तिला वाटलं. आठवड्यात धाकटीच्या बरगड्या दिसू लागल्या, अंगावरचे केस उभे राहिले.

एका दुपारी स्वप्नाली चारा कापायचा विळा विसरली म्हणून शेतातून परतली. गोठ्यात पंधरा-वीस कोंबड्या घमेल्यांत उभ्या राहून दाणे टिपत होत्या. धाकटी शेजारीच मान टाकून बसली होती. उठवली तरी उठेना.

गुरांचे डॉक्टर करमसिंग पावरा शहाद्याहून आले. सलाईन लावलं, डोळ्याची पापणी उलटून पाहिली.

"पोटात दाणा गेलाच नाही, तर पोट तयार कसं होणार? वरून दूधही बंद. तिनं आधी अंगातली चरबी जाळली, आता मांस जाळतेय."

"दूध पाजू का आता?"

"मोठीला पाजा. हिला गिळता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास धाकटी गेली. नवनीतने, स्वप्नालीच्या नवऱ्याने, तिला एकट्यानेच उचललं. दोन महिन्यांची कालवड एकट्याला पेलली, इतकी ती हलकी झाली होती. स्वप्नाली गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली.

सिंधुबाई शेजारी येऊन टेकल्या. मग म्हणाल्या, "कोंबड्या मी बी देख्या व्हत्या. माले वाटनं, सांडेल दाना टिपी ऱ्हायन्यात."

स्वप्नाली उठली, तिने दूध कोमट केलं आणि मोठीपुढे बादली धरली. मोठी दोन घोट प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. तिचे पाय थरथरत होते. जगेल, पण अंगाने मागे राहील, गाभण व्हायला वेळ घेईल, असं डॉक्टर सांगून गेले होते.