उत्तरेची ओवाळणी

उरकुडाजी कापगत्यांनी पहिली कुदळ मारली आणि सोनझरीच्या माळावर तलाव जन्मला. त्यांच्या पुत्राने, आडकूजींनी, त्याला मातीच्या पाळीचा कमरपट्टा बांधला. आडकूजींच्या पुत्राने, डोमाजींनी, त्या पाळीवर आम्रवृक्ष लावून जळाला सावलीचे वस्त्र नेसवले. आणि कार्तिकातल्या एका धूसर, धवल प्रभाती, त्याच पाळीवर, डोमाजींची दोन लेकरे बसली होती: हिरामण आणि मंदाकिनी. दोघांच्याही केसांवर वार्धक्याचे दव उतरले होते.

त्या दिवशी भाऊबीज होती.

उत्तरेकडून हंस आले. शुभ्रमस्तक, कृष्णपट्टांकित, हिमशिखरे उल्लंघून आलेले हंस. आधी आला तो स्वर. मग आली ती रेषा. मग जळावर उतरली पंखांची रुपेरी सळसळ.

"आले तुये पाव्हणे," हिरामण म्हणाला.

"पाव्हणे दरसाल येतेत. आपन त्यायच्या घरी जाचं कवा? उधारी बुडवतं का दादा?"

उधारी जुनी होती. बालपणीच्या एका भाऊबीजेला औक्षण झाले, ज्योत थरथरली, आणि हिरामणच्या मुठीत ओवाळणीस काहीच नव्हते. तेव्हा त्याने आकाशातल्या थव्याकडे बोट दाखवून सांगितले होते, "तुले यायचं घर दाखवीन." त्यानंतर लुगडी आली, चोळ्या आल्या, चांदीचे करंडे आले. प्रत्येक वेळी मंदाकिनी ते कपाळी लावी आणि म्हणे, "हे यंदाचं झालं. पयलं बाकी हाये."

"येत्या ज्येष्ठात जाऊ," हिरामण म्हणाला.

त्याने एवढेच सांगितले. छातीच्या डॉक्टरांनी काय सांगितले होते, ते त्याने सांगितले नाही. उत्तरेची विरळ हवा त्याच्या जीर्ण फुप्फुसांना एक रात्रही पेलणार नव्हती. आणि सपाटीवरही आता फार ऋतू शिल्लक नव्हते.

मग हेमंतभर अंगणात नकाशा उलगडत राहिला. कोवळ्या उन्हात, पिवळ्या उन्हात, उतरत्या उन्हात. हिरामणचे बोट लडाखच्या तपकिरी डोंगरांतून वाट काढत त्सो-कार नावाच्या निळ्या ठिपक्यावर टेके. तिथे मिठाचे शुभ्र काठ. तिथे क्यांग नावाची रानगाढवे सुवर्णधूळ उडवीत धावणारी. तिथे खडकाच्याच रंगाचा, खडकासारखाच निःशब्द हिमबिबट्या. आणि तिथे, ज्येष्ठात, त्यांच्या पाहुण्यांची घरटी.

संध्याकाळी तो तिला पाळीवर चालवी. हळू चाल. थांब. श्वास घे. पुन्हा चाल. मंदाकिनीला वाटे, दादा स्वतःचा दम सांभाळतो आहे. तो तिचा सांभाळत होता.

"मंदे, थंडीनं नाक गळून पडंल तुयं. मंग फोटोत तुले वळखंल कोन?"

"पडू दे. तुया नाकाच्या सावलीत दोघंबी मावू."

तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला हसण्याहून लांबला.

माघात नागपुराहून लोकरीचे सामान आले. मंदाकिनीने ट्रंक उघडली. एक कोट. एक कानटोपी. हातमोज्यांची एक जोडी, स्त्रीच्या हाताची.

"दादा, तुया कोट कुठं हाये?"

हिरामण तलावाकडे पाहत राहिला. "आधी शेवटच्या बांधीले पानी पोचू दे. मंग माह्यं पाहू."

तिचे हात ट्रंकेतच थिजले. कापगत्यांच्या घरचा हा कुलाचार होता. तलावाचे पाणी सोडायचे ते आधी सर्वांत दूरच्या धानबांधीला, भाताच्या शेवटच्या खाचराला; मालकाची बांधी, तलावाला खेटून असलेली, सर्वांच्या शेवटी. ज्या वर्षी पाणी अपुरे पडे, त्या वर्षी मालकाची बांधी कोरडीच राही. तीन पिढ्या अशाच कोरड्या राहिल्या होत्या, ताठ मानेने. पाणी कशाचे अपुरे पडते आहे, ते तिला न सांगताच उमगले.

"मी एकटी नाई जात."

"मंग मी काय उधारी ठेवून मरू?"

"ठेव ना दादा," ती म्हणाली, आणि आयुष्यभर ज्या स्वराने मागितले त्याच स्वराने आता ती सोडत होती, "ठेव. राहू दे बाकी."

"नाई. जाशीन तू. माह्या गळ्याची आन हाये."

चैत्रात हंस परत गेले. चैत्रातच, पाळीवरचा आंबा पाडाला येत असताना, हिरामण गेला.

ज्येष्ठात मंदाकिनी उत्तरेला गेली. एकटी गेली. लोकरीचा कोट घालून, शपथ पाळायला गेली.

त्सो-कारच्या काठी प्रकाश इतका निर्मळ होता की सावल्याही निळ्या दिसत. मिठाच्या धवल रेषेपाशी लडाखी वाटाड्या थांबला आणि त्याने एका तृणबेटाकडे हात केला.

मंदाकिनीने डोळे मिटून घेतले.

पाहिले की फिटले. न पाहिले तर बाकी राहील. आणि बाकी असेल तोवर, देणारा कुठेतरी असेल. कुठल्याशा पाळीवर, कुठल्याशा उन्हात, पुढच्या सालचा वायदा करीत बसलेला असेल. मिटल्या पापण्यांच्या तांबूस अंधारात तिने भावाला धरून ठेवले. घट्ट. जितका वेळ एक श्वास धरता येतो, तितका वेळ.

मग वाऱ्यावरून एक कोवळा, किनरा कलरव आला, आणि श्वास सुटला, आणि डोळे उघडले.

हंसीमागून पिल्ले पाण्यात उतरत होती. पीतकोमल, नवनीतकोमल, उन्हाच्या थेंबांसारखी. एक उतरले. मग एक. मग आणखी एक. शेवटचे काठावर थबकले, डुगडुगले, आणि तेही उतरले.

"फिटली, दादा," ती म्हणाली. "अख्खी फिटली."

निळाई पसरत गेली, डोंगरापर्यंत, डोंगरापलीकडे, आकाशापर्यंत. आणि त्या अपार, अथांग, उजळ निळाईत मंदाकिनीचे आता कोणाकडे काहीच येणे उरले नव्हते.